सायकलवरून बुद्धाच्या देशांत : एकट्याने करावयाच्या प्रवासाचा विचार

आळंदी हे चालणाऱ्यांचे गाव आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला येथून पालखी निघते आणि लाखो माणसे पायी पंढरपूरची वाट धरतात. दूरचा प्रवास स्वतःच्या पायांवर करता येतो, हे आळंदीकरांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. असे असूनही रविवारच्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थिनीने जेव्हा विचारले की, "थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम या देशांतून सायकलवर एकटीने प्रवास करता येईल काय?" तेव्हा वर्गात हशा पिकला. तिचे वडील चाकणच्या एका कारखान्यात कामाला आहेत. ते मागे बसले होते. ते हसले नाहीत. ते म्हणाले, "करता येईल की नाही हे मागाहून पाहू. पण आपल्या लेकरांनी हा नाद करावाच कशासाठी? हे पैसेवाल्यांचे खेळ."

मुलीचा प्रश्न 'कसे' हा होता, वडिलांचा 'कशासाठी' हा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्या दिवशी आम्हाला धड उत्तर देता आले नाही. म्हणून जमेल तेवढी माहिती गोळा करून ती स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. आम्ही स्वतः हा प्रवास केलेला नाही, हे आरंभीच सांगून टाकतो.

वाट कोणाची?

प्रथम वडिलांच्या प्रश्नाकडे वळू. बाबासाहेबांनी आपल्या आठवणी एका छोट्या पुस्तिकेत लिहून ठेवल्या आहेत. तिचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. तीत १९०१ सालची हकीकत आहे. लहानगा भीम व घरातील इतर मुले वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. ही मुले अस्पृश्य आहेत असे कळताच एकही गाडीवान त्यांना बैलगाडीत घेईना. अखेर दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एक गाडीवान तयार झाला. तो स्वतः गाडीबरोबर पायी चालला. त्याच पुस्तिकेत १९२९ सालची चाळीसगावची हकीकत आहे. तोवर बाबासाहेब परदेशातील पदव्या घेऊन आलेले बॅरिस्टर होते. तरीही टांगेवाल्याने त्यांचा टांगा हाकण्यास नकार दिला. वस्तीतील एका माणसाने टांगा हाकला; त्याला सवय नव्हती. टांगा उलटला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

या दोन्ही प्रसंगांत वाहन होते, रस्ता होता, भाड्याचे पैसेही होते. नव्हता तो दुसऱ्याच्या मर्जीशिवाय पुढे जाण्याचा अधिकार. आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही हेही ऐकले आहे की, नवी सायकल घेतलेल्या माणसाला गावच्या मोठ्या वाड्यापुढून जाताना खाली उतरावे लागे आणि सायकल हाताने ढकलीत न्यावी लागे. पुढे तीच माणसे कामासाठी पिंपरी-भोसरीकडे आली. आळंदी, मोशी, चऱ्होलीहून पहिल्या पाळीला सायकलने जाऊ लागली. कॅरिअरला जेवणाचा डबा आणि खाली उतरण्याची सक्ती नाही, एवढ्यानेच त्या माणसांची मान ताठ झाली होती.

सायकलला गाडीवान लागत नाही, पेट्रोल लागत नाही, कोणाची मर्जी लागत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की, सायकलवरून दूर देशी जाणे हा केवळ पैसेवाल्यांचा खेळ नाही. ज्यांच्या आजोबांना गावच्या रस्त्यावर खाली उतरावे लागले, त्यांच्या नातवंडांचा या खेळावर पहिला हक्क आहे.

पूर्वी कोण गेले?

हा प्रवास आपल्या मुलखाला नवा नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगरा हे तिघे प्रवास पुरा करून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत परतले. सुमारे ७१,००० कि.मी. अंतर त्यांनी तोडले. परतीच्या वाटेवर त्यांनी इंडोचायना, सयाम व ब्रह्मदेश हे मुलूख पार केले. इंडोचायना म्हणजे आजचे व्हिएतनाम, लाओस व कंबोडिया, सयाम म्हणजे थायलंड आणि ब्रह्मदेश म्हणजे म्यानमार. त्यांच्या पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंनी प्रस्तावना लिहिली. १९२४ साली फ्रामरोज दावर हे मुंबईहून एकटेच निघाले. व्हिएन्नात त्यांना एक ऑस्ट्रियन जोडीदार मिळाला आणि दोघांनी मिळून सात वर्षांचा प्रवास पुरा केला.

आपल्या काळातील उदाहरण नितीन सोनवणे यांचे. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील हा अभियंता तरुण नोव्हेंबर २०१६ मध्ये सेवाग्रामहून शांतीचा संदेश घेऊन सायकलवर निघाला आणि थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम असे करीत पुढे अनेक देश एकट्याने फिरला. त्यांची प्रेरणा गांधीजींची, आपली बाबासाहेबांची. हा फरक आम्ही झाकून ठेवीत नाही. पण अनोळखी माणसावर विश्वास ठेवून त्याच्या दारी जाणे आणि त्याचा विश्वास संपादन करणे, हा धडा कोणाकडूनही घ्यावा.

मुलींसाठी उदाहरण वेदांगी कुलकर्णी यांचे. पुण्याच्या या मुलीने २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, ऑस्ट्रेलियातील पर्थहून निघून १५९ दिवसांत सुमारे २९,००० कि.मी. सायकल चालवली. त्यातील बहुतेक अंतर एकटीने. स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून तिला लुटण्यात आले. कॅनडात अस्वल मागे लागले. हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत. एकट्याच्या प्रवासात धोका नाही असे सांगणारा खोटे बोलतो. पण लुटले गेल्यावरही ती पुढे गेली, हेही तितकेच खरे आहे.

रंगूनची वाट

आळंदीहून देहूरोड सुमारे वीस कि.मी. तेथील विहारातील बुद्धमूर्ती आपणा सर्वांना परिचित आहे. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब रंगून येथील जागतिक बौद्ध परिषदेस गेले होते. तेथून आणलेल्या मूर्तीची स्थापना त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे स्वहस्ते केली. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधीची ही घटना आहे. आपल्या परिसरात बुद्ध आले ते आग्नेय आशियातून आले, असे म्हटल्यास चूक होणार नाही.

साहजिकच कोणाच्याही मनात येईल की, सायकलने जायचे तर रंगूनलाच (आताचे यांगोन) जावे. दुर्दैवाने ती वाट आज बंद आहे. मणिपुरातील मोरे हे नाके ऑगस्ट २०१८ मध्ये पासपोर्ट व व्हिसा असलेल्या प्रवाशांसाठी खुले झाले होते. २०२० साली महामारीमुळे ते बंद पडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि देशात यादवी माजली. मे २०२३ पासून मणिपूरही होरपळले. भारत, म्यानमार व थायलंड यांना जोडणाऱ्या महामार्गाचे काम पुरे झालेले नाही. अशा स्थितीत त्या वाटेने जाणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. म्हणून विमानाने बँकॉक गाठावे आणि तेथून सायकलवर बसावे, हे उत्तम.

मार्ग : बँकॉक ते सायगाव

पाहिल्या नकाशांवरून आम्ही पुढील आराखडा केला आहे. एकूण अंतर सुमारे २,१५० कि.मी. भरते. दिवसाला सरासरी ७० कि.मी. धरल्यास सायकल चालवण्याचे दिवस ३१. विश्रांती, शहरे पाहणे व दुरुस्ती यांसाठी १४ दिवस. एकूण ४५ दिवस.

पहिला टप्पा बँकॉक ते नोंगखाई, सुमारे ६२० कि.मी. बँकॉकमधून पहाटे बाहेर पडावे. शहरातील उंचावरील द्रुतगती मार्गांवर सायकलला मनाई आहे. खालचा रस्ता धरावा. एका दिवसात अयुथ्या येते. हे नाव अयोध्येवरून पडले. सयामची ही राजधानी १७६७ साली ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केली. भग्न स्तूप व मस्तके तुटलेल्या बुद्धमूर्ती आजही तेथे आहेत. पुढे नाखोन रात्चसीमा, खोन केन, उदोन थानी ही शहरे. 'नाखोन' म्हणजे आपले 'नगर'. 'रात्चसीमा'तला 'राज' आणि 'सीमा' वाचकांच्या लक्षात आलेच असतील. या भागात हिवाळ्यात वारा ईशान्येकडून वाहतो, म्हणजे तोंडावर येतो. दम लागल्यास कमीपणा मानू नये. बँकॉक ते नोंगखाई रेल्वे आहे.

दुसरा टप्पा लाओसचा. नोंगखाईपाशी मेकाँग नदीवर १९९४ साली खुला झालेला मैत्री पूल आहे. पलीकडे व्हिएन्तियान ही लाओसची राजधानी. तिच्या मूळ नावाचा अर्थ चंदनाचे नगर असा सांगतात. येथून मेकाँगच्या काठाने थाखेक, सवन्नाखेत, पाक्से असे दक्षिणेकडे जावे. 'सवन्नाखेत'मधला 'खेत' म्हणजे क्षेत्र. पाक्सेपर्यंत सुमारे ६७० कि.मी. व तेथून कंबोडियाची सीमा सुमारे १५५ कि.मी. आता तोच ईशान्येचा वारा पाठीशी असतो.

तिसरा टप्पा कंबोडियाचा. स्तुंग त्रेंग, क्रातिए, कांपोंग चाम व नॉम पेन्ह. सीमेपासून सुमारे ४५० कि.मी. चौथा व शेवटचा टप्पा नॉम पेन्ह ते हो ची मिन्ह शहर, म्हणजे जुने सायगाव. सुमारे २३० कि.मी.

थायलंडहून सरळ कंबोडियात का जाऊ नये, असे कोणी विचारील. २०२५ साली या दोन देशांत सीमेवरून लढाई जुंपली आणि त्यांच्यामधील जमिनीवरची नाकी बंद झाली. म्हणून लाओसचा वळसा. सीमेच्या बाबतीत छापील माहितीवर, आमच्याही, विसंबू नये. निघण्यापूर्वी व प्रत्येक सीमेच्या आठवडाभर आधी ताजी चौकशी करावी.

केव्हा निघावे?

तथागतांनी भिक्खूंना पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. त्यालाच आपण वर्षावास म्हणतो. हा नियम सायकलस्वारानेही पाळावा. त्या देशांतही आपल्याप्रमाणेच साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस असतो आणि मार्च-एप्रिल कडक उन्हाचे असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ.

वर्षावास संपल्यावर कार्तिक पौर्णिमेच्या दोन आठवडे आधी बँकॉकहून निघाल्यास पौर्णिमेला व्हिएन्तियानला पोचता येते. त्या दिवशी तेथे थाट लुआंग या महास्तूपाची जत्रा असते. पुढे साधारण महिन्याभरात सायगाव गाठले की, बहुतेक वर्षी २५ डिसेंबरला देहूरोडच्या वर्धापनदिनासाठी परत येता येते.

सायकल आणि सराव

फार महाग सायकल घेऊ नये. मजबूत लोखंडी सांगाडा, गिअर, थोडे रुंद टायर आणि मागे भक्कम कॅरिअर एवढे पुरे. सायकल अशी असावी की गावातल्या दुकानातही तिची दुरुस्ती होईल. सामान १५ किलोंच्या वर जाऊ देऊ नये. ते पाठीवर न घेता कॅरिअरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत समतोल भरावे. पाठीवर ओझे घेतल्यास दुसऱ्या दिवशी कंबर बोलू लागते.

जवळ पुढील वस्तू असाव्यात : दोन जादा ट्यूब, पंक्चरचे ठिगळ व सोल्युशन, हवेचा पंप, पाने, चेन तोडण्याचे अवजार, चेनच्या दोन-तीन कड्या, ब्रेकचे रबर, चार स्पोक, तेलाची बाटली. पंक्चर काढणे, चेन जोडणे आणि ब्रेक घट्ट करणे या तीन गोष्टी स्वतःच्या हाताने येईपर्यंत निघू नये. विमानात सायकल पुठ्ठ्याच्या खोक्यात जाते. त्यासाठी पेडल काढावे लागतात, हँडल वळवावे लागते, सीट खाली करावे लागते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे ठाऊक नसलेला माणूस तासभर घाम गाळतो.

सरावासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पहिल्या महिन्यात दर रविवारी आळंदी ते देहूरोड व परत, सुमारे ४० कि.मी. दुसऱ्या महिन्यात कार्ले व भाजे लेणी. तिसऱ्या महिन्यात सगळे सामान लादून जुन्नरची लेणी, तेथे मुक्काम व दुसऱ्या दिवशी परत. ही लेणी व्यापारी मार्गांवर कोरली गेली. जुन्नरजवळच्या नाणेघाटातून मालाचे तांडे कोकणातील बंदरांकडे उतरत. म्हणजे आपल्या डोंगरातला बौद्ध धम्मही वाटसरूंच्या आधाराने वाढला. सराव करता करता इतिहासाचा पाठही होतो.

पैसा आणि कागद

आम्ही बँकेत कारकून असल्याने हा भाग आमच्या आवडीचा आहे. आमचा अंदाज असा : जुनी पण चांगली सायकल व साहित्य २५,००० रुपये, सायकलसह विमानाचे जाणे-येणे ४०,०००, विमा, व्हिसा, लसी २०,०००, दररोज १,८०० रुपयांप्रमाणे ४५ दिवसांचा खर्च ८१,०००. एकूण १,६६,००० रुपये. रक्कम मोठी आहे. पण दरमहा ३,००० रुपयांचे आवर्ती ठेव खाते चार वर्षे चालवल्यास १,४४,००० रुपये मुद्दल जमते, वर व्याज. बारावीत संकल्प करणारा विद्यार्थी नोकरीच्या पहिल्या वर्षी निघू शकतो. यासाठी कर्ज मात्र काढू नये.

रोकड तीन ठिकाणी विभागून ठेवावी. परकीय चलनाचे कार्ड घ्यावे व सोबत थोडे अमेरिकन डॉलर ठेवावेत. कंबोडियात ते सर्रास चालतात. लाओसचे किप लाओसमध्येच संपवावे, बाहेर ते बदलून मिळणे कठीण. सीमेवर अंगाशी येऊन नोटा बदलून देणाऱ्यांपासून दूर राहावे.

पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी. व्हिएतनाम व कंबोडियाचा व्हिसा संगणकावरून अर्ज करून मिळतो. कोणत्या नाक्यातून शिरणार ते आधीच ठरवावे लागते. थायलंडसाठी १ मे २०२५ पासून आगमनाचे पत्रक संगणकावर भरणे सक्तीचे झाले आहे. व्हिसाचे नियम वारंवार बदलतात, तेव्हा त्या त्या देशाच्या वकिलातीकडून खात्री करावी.

रस्त्यावर व विहारात

थायलंडमध्ये वाहने आपल्याप्रमाणे डावीकडून चालतात. लाओस, कंबोडिया व व्हिएतनाममध्ये उजवीकडून. मैत्री पूल ओलांडला की बाजू बदलते. पहिले दोन दिवस चौकात थांबून, विचार करून वळावे. सायगावात मोटारसायकलींचा लोंढा कधी थांबत नाही. तेथे एकाएकी वेग बदलू नये, एका चालीने सरळ जावे. लोक वळसा घालून जातात.

सर्वांत गंभीर सूचना पुढीलप्रमाणे. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांतील कित्येक न फुटता जमिनीत पडून आहेत. कंबोडियातही भूसुरुंग आहेत. म्हणून या दोन्ही देशांत, लघुशंकेसाठीसुद्धा, मळलेली वाट सोडून रानात शिरू नये. मोकळ्या माळावर तंबू ठोकू नये. कुत्र्याच्या चाव्यावरील प्रतिबंधक लस निघण्यापूर्वी घ्यावी, डासांपासून जपावे, अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा, आणि रोज रात्री घरी एक निरोप पाठवावा. मुलींनी मुक्कामासाठी गावातील अतिथिगृहच निवडावे आणि खोलीची कडी आधी तपासावी.

वाट म्हणजे विहार. पुरुष प्रवाशाने प्रमुख भिक्खूंना नम्रतेने विचारल्यास काही ठिकाणी पडवीत झोपण्याची सोय होते. खांदे व गुडघे झाकलेले असावेत. मूर्तीकडे तळपाय करून बसू नये. स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श करू नये, वस्तू थेट हातात देऊ नये. तिकडची भाषा येत नसली तरी एक भाषा आपल्याला येते, ती म्हणजे पालि. आपल्या मुलांना पाठ असलेले त्रिसरण-पंचशील तेच तिकडचे. उच्चार तेवढा वेगळा. थाई माणूस 'बुद्ध' हा शब्द 'फुत्थ' असा उच्चारतो, विहाराला 'विहान' म्हणतो. संध्याकाळच्या वंदनेला मागे बसून आपण तेच शब्द म्हणू लागलो की, ओळख करून देण्याची गरज उरत नाही.

काय पाहावे?

या वाटेवर पाहण्यासारखे पुष्कळ आहे. आम्ही दोनच गोष्टी सांगतो. बँकॉकच्या राजवाड्यातील विहारात पाचूची म्हणून प्रसिद्ध असलेली हिरवी बुद्धमूर्ती आहे. ती पूर्वी व्हिएन्तियानला होती. १७७९ च्या सुमारास सयामी सैन्याने ती जिंकून नेली. व्हिएन्तियानमधील तिचे मंदिर, हो फ्रा केव, पुन्हा बांधलेल्या रूपात आज उभे आहे. आत ती मूर्ती नाही. बँकॉकला मूर्ती पाहिलेल्या प्रवाशाने दोन आठवड्यांनी ती मूर्ती नसलेले ते मंदिर पाहावे आणि देहूरोडची मूर्ती आठवावी. एक मूर्ती युद्धाने गेली, दुसरी धम्मबंधुत्वाने आली.

दुसरी गोष्ट नॉम पेन्हची. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने कंबोडियात लाखो माणसे मारली. भिक्खूंची चीवरे उतरवली, विहारांची कोठारे व तुरुंग केले. शहरातील एका शाळेचा छळतुरुंग करण्यात आला होता. आज ते तुओल स्लेंग संग्रहालय आहे. धम्म तेथे जवळजवळ संपला होता. १९९२ साली महाघोसानंद या वयोवृद्ध भिक्खूंनी थायलंडच्या सीमेवरून निर्वासितांना सोबत घेऊन नॉम पेन्हपर्यंत पायी धम्मयात्रा काढली. वाटेत युद्ध पुरते थांबलेले नव्हते, सुरुंग होते. लोक रस्त्याच्या कडेला पाण्याचे भांडे घेऊन उभे राहिले. जेथे सर्व काही मोडले होते, तेथे धम्म पुन्हा उभा राहू लागला तो अशा चालण्यातून. पायी चालण्याचे बळ काय असते, हे आळंदीच्या माणसाने त्या शहरात जाऊन पाहावे.

एकट्यानेच का?

गटाने गेल्यास सुरक्षितता अधिक, हे खरे. पण गटात आपण आपल्याच माणसांशी बोलतो. एकट्या प्रवाशाला भूक लागली की अनोळखी दारात थांबावेच लागते. तेथे त्याची जात कोणी विचारीत नाही. सायकल कोठून आली एवढेच विचारतात. स्वतःचा निर्णय स्वतः घ्यायचा, चुकल्यास स्वतः सुधारायचा, हा स्वावलंबनाचा उपदेश आपण विहारात ऐकतो. तो रस्त्यावर रोज दहा वेळा आचरावा लागतो. असा ४५ दिवस राहिलेला मुलगा किंवा मुलगी परत आल्यावर मुलाखतीच्या खोलीत किंवा साहेबापुढे सहजासहजी दबणार नाही, असा आमचा विश्वास आहे.

सर्वांनी जावे असे आमचे म्हणणे नाही. घरची जबाबदारी असलेल्याने, प्रकृती बरी नसलेल्याने जाऊ नये. विक्रमासाठी किंवा छायाचित्रांसाठी तर मुळीच जाऊ नये. पण ज्याला जायचे आहे त्याला 'आपल्यासारख्यांनी' या शब्दाने थांबवू नये. हा शब्द पूर्वी गाडीवान वापरीत असे. आता तो आपल्याच तोंडून निघू नये.

संस्थेला आमची सूचना अशी. एक चांगली सायकल व दुरुस्तीची पेटी संस्थेने घेऊन ठेवावी. अभ्यासवर्गातील अठरा वर्षांवरील प्रत्येक विद्यार्थ्याने पासपोर्ट काढावा. त्याचे साधे शुल्क १,५०० रुपये आहे. ज्याला ते जमत नाही त्याला संस्थेने साहाय्य करावे. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींच्या पुस्तिकेला जे नाव दिले ते ध्यानात घेतले, तर पासपोर्ट हातात असणे ही लहान गोष्ट नाही हे पटेल. आणि २५ डिसेंबरला आळंदी ते देहूरोड सायकल फेरी सुरू करावी.

त्या विद्यार्थिनीचे वडील मध्यंतरी आम्हाला बँकेत भेटले. त्यांना हा सर्व हिशेब दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, कुत्र्याच्या लसीबद्दल विचारले, रात्रीच्या निरोपाबद्दल विचारले. होकार दिला नाही. मात्र जाताना त्यांनी मुलीच्या नावाने आवर्ती ठेवीचा अर्ज मागून घेतला. किती वर्षांचा, हे ते घरी विचारून सांगणार आहेत.

जय भीम!